उंबऱ्यातला वीर

फाल्गुन लागला की पुंडलिकनगरातली आमची गल्ली दुपारची एकदम मुकी होते. परीक्षेची पोरं दारं लावून बसलेली असतात, कूलर अजून माळ्यावरून उतरलेले नसतात, कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू मधूनच वाजतात आणि थांबतात. समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये कडुलिंबाचा पाचोळा साचतो. मग कुठूनतरी वारा येतो, त्या पाचोळ्यात शिरतो आणि स्वतःभोवतीच फिरायला लागतो. दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या त्याच्याबरोबर उठून उभ्या राहतात. मी गॅलरीचं दार लावून घेते. आमचे हे हसतात. "करमाडची बाई तू, आणि वावटळीला भितेस?" म्हणतात. भिते तर भिते. ज्यांच्या घरी कुणी यायचं राहिलेलं नाही त्यांनी खुशाल हसावं.

यंदा त्यात वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमन. करमाडच्या शिवारात आमचं पत्र्याचं घर आहे, तिथं ती एकटी राहते. फोन करायचा तो मीच, असा आमचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. त्यामुळं तिचं नाव दिसल्याबरोबर मी भाजी चिरता चिरता थांबले.

"कांता, धुळवडीला येतीस ना?"

"दरवर्षी येतेच की गं."

"यंदा नक्की ये. यंदा मी त्यांना 'बसा' म्हणणारंय."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी भाजीची सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेरच्या माणसाला यात काय कळणार? त्याला वाटेल, पाहुणे यायचे असतील घरी.

सांगते. आम्ही मेंढरांमागची माणसं. आजोबांची सगळी जिंदगी चालण्यात गेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोडी जमीन केली, घर बांधलं, मेंढरं मात्र ठेवली. माझा भाऊ पलटणीत गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा वर बर्फात लढाई लागली आणि तो तिथं मेला. वीरमरण, हौतात्म्य असे शब्द गावाच्या कमानीवर लागले. आमच्या घरात माय फक्त म्हणायची, "माझा रंगा मेला." पेटी आली ती जेठाच्या उन्हात. सोबतच्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका. आम्ही उघडली नाही. पेटी चौघांनी उचलली तेव्हा वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "लई सहज उचलली गं त्यांनी." तिनं त्याचं तोंड बघितलं नाही. सगळं तिथून सुरू झालं.

इतरांच्यात काय रीत असेल ती असो. आमच्या भावकीत लढाईत मेलेला माणूस नुसता मेलेला राहत नाही, त्याचा वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक घडवतात. धुळवडीच्या दुपारी घरातला एक पुरुष तो टाक लाल फडक्यात बांधून छातीशी धरतो, ढोलाच्या मागं नाचत गावातून फिरतो आणि शेवटी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहतो. तेवढा वेळ तो माणूस तो नसतो, वीर असतो. त्याच्याशी दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. वीराच्या बायकोनं पुढं व्हायचं, पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "या, बसा." तिनं बसा म्हटलं की टाक देवघरात जातो, मेलेला माणूस देव होतो आणि त्याची बायको मोकळी होते. दुसरा पाट लावायचा असेल तर लावू शकते, कुणी बोट दाखवत नाही. आणि तिनं बसा म्हटलंच नाही तर? तर तो उभा. घरात नाही, बाहेर नाही. माझा भाऊ तसा उभा होता. वहिनी दरवर्षी "या" म्हणायची, पाय धुवायची, आणि बसा म्हणायची नाही.

पहिली धुळवड मला जशीच्या तशी आठवते, कारण त्या वर्षी माझी बी.ए.ची परीक्षा होती आणि मी दिवसभर ओसरीवर पुस्तक धरून बसलेली असायचे. वाचत कुठली होते! समोर रान वाळून पिवळं पडलेलं. शेंद्र्याकडं नव्या कारखान्यांसाठी रस्ते उकरायचं काम चाललं होतं, तिकडून मुरुमाची धूळ उठायची आणि आमच्या घरावर येऊन बसायची. दुपारी पाखरू ओरडायचं नाही. पत्रा उन्हानं तडतडायचा तेवढाच. कधीकधी ओसरीच्या टोकाला कुणी येऊन बसलंय असं वाटायचं. मान वळवायची हिंमत व्हायची नाही. मग मी मुद्दाम मोठ्यानं वाचायचे. मोगलांचा इतिहास मी त्या वर्षी घसा फोडून पाठ केला.

मेंढरांचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. दिवस कलता दादा मेंढरं घेऊन यायचे. वाघरीला, म्हणजे जाळीच्या कुंपणाला, एक तोंड ठेवलेलं असतं. तिथं एका अंगाला दादा काठी टेकून उभे राहायचे आणि आत जाणारी जनावरं नजरेखालून घालायचे. भाऊ सुट्टीवर आला की तो दुसऱ्या अंगाला उभा राहायचा. मेंढरं दोघांच्या मधून जायची. भाऊ गेल्यावर त्या अंगाला कुणीच उभं नव्हतं. तरी कळप तिथं आला की वळायचा. एकेक मेंढरू त्या जागेशी आलं की अंग चोरायचं, कड घ्यायचं, आणि पुढं जाऊन पुन्हा सरळ चालायला लागायचं. तिथं माणसाएवढी जागा मोकळी राहायची. त्या उन्हाळ्यानंतर जन्मलेली कोकरंसुद्धा तशीच वळायची, आणि त्यांनी तर भावाला बघितलेलंही नव्हतं.

मी दादांना विचारलं, "दादा, ह्ये काय?"

दादा म्हणाले, "मेंढरू पुढच्या मेंढराचं बघून चालतंय, पोरी. पुढचं वळलं की मागचं वळतंय." बरोबर आहे. कुणाही धनगराला हे ठाऊक असतं. पण बोलताना त्यांनी त्या मोकळ्या जागेकडं पाठ केली होती, आणि आत जाताना ते स्वतःही तिला वळसा घालून गेले.

वहिनी दिवेलागणीला दारात बादली भरून ठेवायची, वर तांब्या. पाय धुवायला. मेंढरांमागून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. दादांची बादली वेगळी, गोठ्याकडं. ही बादली कुणाची, हे घरात कुणी विचारलं नाही. सकाळी मी ती उपडी करायचे तेव्हा तळाशी गाळ असायचा. आमची माती काळी. पायाला लागली तर पाणी काळं होतं. हा गाळ पांढुरका होता, रेताड, बोटांत कचकच करणारा. मी म्हटलं, रस्त्याचा मुरूम असेल, वाऱ्यानं पडत असेल. दुसऱ्या दिवशी वहिनीनं बादलीवर परात झाकली. सकाळी परात जशीच्या तशी होती, आणि गाळ होता.

आणखी एक घोंगडी होती. भावाची, दादांनी स्वतः त्याच्यासाठी विणून घेतलेली, आत खुंटीला टांगलेली. एका दुपारी वहिनी ती मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्यातली कुसळं वेचत होती. गवत वाळलं की ती कुसळं रानात फिरणाऱ्याच्या कपड्यात रुततात.

"काल बी काढली व्हती," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, रोजचे तांदूळ निवडावेत तशी. "परवा बी. कुठं फिरतात कोण जाणे. सांगून ऐकत नायत."

मला तेव्हा हसू आलं, ते अर्ध्यातच राहिलं. ती वेडी झाली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. भाकरी थापत होती, शेण काढत होती, माझ्या परीक्षेची तारीख तिच्या लक्षात होती. फक्त तिचा नवरा दिवसाचा बाहेर असायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. बाकीच्या बायकांचे जसे येतात तसा.

माय हे सगळं बघत होती. मायला लोक म्हणायचे, लेकाला देव करायची घाई झालीय हिला. बोलणाऱ्यांना काय जातं! घाई कशाची होती ते मला एक दिवस चुलीपुढं कळलं. वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला होता. चांगलं ठिकाण आलं होतं, बायको वारलेला माणूस, शेती बरी. वहिनीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो गेल्यावर माय तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"सुमन, ह्या शिमग्याला त्याला बसीव. तो बसला की तू मोकळी. तुझं वय काय गं! माझ्या घरात वाळून जाऊ नको."

"मला मोकळं व्हायचं नाय, आत्याबाई."

"अगं, त्याला बी शांती नको का? घरचा देव व्हईल तो."

"देव लई हायत देवघरात," वहिनी म्हणाली. "त्यांच्याकडं रोज हात जोडतेच मी. मला नवरा पाहिजे. संध्याकाळचा येतोय तर येऊ द्या की. तुमचं काय खातोय?"

माय उठून बाहेर गेली आणि गव्हाणीशी तोंड लपवून रडली. मला वहिनीचा संताप आला. वाटलं, ही कसली माया, जी मेलेल्याला बसू देत नाही आणि जितीला उठू देत नाही! पण संध्याकाळ झाली, बादली भरल्याचा आवाज आला, आणि माझा संताप कुठल्या कुठं गेला. खरं सांगायचं तर मलाही तो यायला हवा होता.

टाक शहरातल्या एका सोनाराकडून करून आणला. मायनं तो उलटून-पालटून बघितला. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार, डोक्याला मुंडासं.

"घोडा कशाला केलाय ह्यो? ह्याला तर गाढवावर बसवलं तरी हा बोंबलायचा," माय म्हणाली.

दादा म्हणाले, "वीराला घोडा असतोय."

"असंल. माझ्या लेकराला उतरता यायचं नाय त्याच्यावरनं," ती म्हणाली, आणि घरात पेटी आल्यापासून पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. वहिनीसुद्धा हसली.

धुळवड आली. घरात तरणा पुरुष दुसरा नव्हता, म्हणून टाक दादांनी घेतला. बापानं लेकाचा वीर नाचवायचा, असं गावात कुणी बघितलेलं नव्हतं. दादांचा उजवा गुडघा अधू. तरुणपणी मेंढ्यानं टक्कर मारली होती, तेव्हापासून ते लंगडत. ढोल सुरू झाला. दादांनी फडकं छातीशी धरलं, डोळे मिटले, पहिली काही पावलं लंगडतच टाकली. वेशीपाशी मी बघितलं तर ते लंगडत नव्हते. गुडघा सरळ उचलत होते. मान डावीकडं जरा कललेली, खांदे मागं. ती चाल त्यांची नव्हती. ती चाल आम्ही सगळ्यांनी ओळखली. सुट्टीवर आला की फाट्यापासून घरापर्यंत बॅग खांद्याला लावून भाऊ असाच यायचा.

ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले. ढोल थांबला. उन्हात सगळी भावकी उभी. वहिनी तांब्या घेऊन पुढं झाली. पाय धुतले. कुंकू लावलं. वर बघून म्हणाली, "या."

पुढचा शब्द येईना. भावकीतले म्हातारे खाकरले. माय पदर तोंडात धरून म्हणत होती, "म्हण बाई, म्हण." दादा तसेच उभे. त्या वयात, त्या उन्हात, अधू पायावर ताठ. वहिनी उठली, आत गेली. आम्हाला वाटलं, पाट आणायला गेली असेल. ती घोंगडी घेऊन आली. ती तिनं दादांच्या खांद्यावर टाकली, नीट सारखी केली, आणि म्हणाली, "मेंढरं एकटी हायत रानात. जाऊन या. सांजचं या."

आणि ते वळले. माझे वडील, तिचे सासरे, पायरी उतरून रानाच्या बाजूला चालायला लागले. कुंपणापाशी गेल्यावर त्यांचा गुडघा वाकला आणि ते खाली बसले. आम्ही धावत गेलो. ते भांबावून विचारत होते, "नाचून झालं का? काय म्हणाली ती?"

मी त्या वर्षी पास झाले, लग्न होऊन शहरात आले. टाक फडक्यात बांधून फडताळात राहिला. देवघरात बसवता येईना, बाहेर ठेववेना. दरवर्षी धुळवडीला वीर यायचा, वहिनी त्याचे पाय धुवायची आणि त्याला रानात पाठवायची. आधी गाव बोललं, मग कंटाळलं. मग आजूबाजूला कारखाने झाले, मेंढरं विकली, चरायची रानं प्लॉटिंगमध्ये गेली. तरी ती म्हणायचीच, मेंढरं एकटी हायत. दादा गेले, मग वीर माझा चुलता नाचवायचा. माय गेली. जाताना मायनं वहिनीचा हात सोडला नाही. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "बसीव गं त्याला. तू थकलीस." वहिनीनं तिला खोटं वचनसुद्धा दिलं नाही. अशी ती.

यंदा मी आदल्या दिवशीच गेले. वहिनी ओसरी सारवत होती. फरशी घालून घे म्हटलं तर ऐकत नाही. केस सगळे पांढरे झालेत, पदर मायसारखा डोक्यावरून घेते, मायसारखीच कमरेवर हात ठेवून उठते. मी विचारलं, "एवढ्या वर्षांनी आत्ताच कसं गं मनात आलं?"

ती सारवत राहिली. तशीच म्हणाली, "गेल्या साली त्यांनी मला वळखलं नाय."

"म्हणजे?"

"पाय धुतले, वर बघितलं. त्यांची नजर माझ्यावरनं घसरून आत गेली. कुणाला तरी हुडकत व्हते. मी म्हटलं, मी हाय की. तर ऐकूच गेलं नाय त्यांना." तिनं शेणाचा हात थांबवला. "ते तवाचेच हायत, कांता. मीच पुढं आले."

आता वीर नाचवतो तो बाळू, माझ्या चुलतभावाचा मुलगा. शेंद्र्यात कंपनीत कामाला आहे. भाऊ गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मी म्हटलं, "बाळू रातपाळी करून येतो, उपाशी नाचतो, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत असेल. तो कुणाला बघणार?"

"असंल," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. ढोलवालेही आता भाड्यानं आणतात, त्यातली पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती. बाळू हसत-खिदळत आला, मला वाकून नमस्कार केला, "आत्या, पुरणपोळी ठेवा बरं का" म्हणाला. फडकं छातीशी धरलं आणि ढोलामागं गेला. आम्ही बायका ओसरीवर थांबलो. ढोल लांब गेला, लांबूनच फिरला, जवळ यायला लागला. बाळू वळणावर दिसला तेव्हा मी वहिनीचा हात धरला. मान डावीकडं कललेली होती. ही चाल त्याला कुणी शिकवली असेल? दादांचं बघून चुलत्यानं, चुलत्याचं बघून त्यानं उचलली असेल. असेल.

तो उंबऱ्यात उभा राहिला. ढोल थांबला तशी शूटिंग करणारी पोरंही थांबली. घामानं निथळत होता, पण दम लागलेला नव्हता. वहिनीनं गुडघे धरत खाली बसून त्याचे पाय धुतले. परातीत पाणी पांढुरकं झालं. ती उठली, कुंकू लावलं. "या," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं.

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, अगदी मायेनं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं बघावं तसं. मग तिच्या खांद्यावरून आत, चुलीकडं, खोलीच्या दाराकडं बघितलं. बाळू तिला काकू म्हणतो. तिला नावानं हाक मारणारं त्या घरात आता कुणी उरलेलं नाही.

"माय," तो म्हणाला, "सुमन कुठंय?"

वहिनीनं डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला, त्याच्या गालावरचा घाम तळहातानं पुसला.

"माहेरी गेलीय रे लेकरा," ती म्हणाली. "तू बस."